चार बोटांचा सरडा

सरडा ओळखायचा तर त्याच्याकडे थेट बघायचं नसतं, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. थेट बघितलं की तो दगड होऊन बसतो. नजर थोडी बाजूला, रेतीवर किंवा मर्यादवेलीच्या जांभळ्या फुलांवर ठेवायची आणि वाट बघायची. मग डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हलतं. एखादी मान वर-खाली होते, नाहीतर शेपटीचं टोक वाळक्या पानाखाली शिरतं. तेव्हा कुठे हळूच नजर तिकडे न्यायची. मला हे लवकर जमलं. माणसांकडेही मी लहानपणापासून असंच बघत आले होते.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि प्राणिशास्त्राच्या सरांनी सुट्टीसाठी प्रत्येकाला एकेक प्राणी आणि एकेक जागा वाटून दिली. पक्षी, फुलपाखरं, खेकडे पटापट उचलले गेले. मी हात वर करावा की नाही याचा विचार करत होते तोवर सरडे आणि पाली उरल्या. जागा मिळाली ती मढच्या रस्त्यावरची पालिकेची बाग, समुद्राला लागून असलेली. तिथे कोणकोणते सरडे आहेत ते बघून, ओळखून, त्यांची यादी करायची. आम्ही राहायचो दिंडोशीच्या वसाहतीत. तिथून दोन बस बदलून बागेत पोचेपर्यंत ऊन चांगलं तापलेलं असायचं, आणि सरड्यांना तेच हवं असतं.

बागेचा पुढचा भाग सगळ्या बागांसारखा होता. हिरवळ, घसरगुंडी, सिमेंटची बाकं, मध्यभागी कधी चालू न झालेलं कारंजं. मागे सुरूच्या झाडांची रांग होती, आणि रांगेच्या पलीकडे समुद्राच्या भिंतीपर्यंत एक रेताड तुकडा तसाच सोडून दिलेला होता. तिथे घाणेरीची झुडपं, मर्यादवेल आणि जमिनीत अर्धे रुतलेले काळे दगड. त्या तुकड्यात कोणाला रस नव्हता, जोडपी सोडून. त्यामुळे पहिल्या दिवशी मी एकटीच तिथे उकिडवी बसले तेव्हा वॉचमनने लांबून शिट्टी मारली आणि जवळ येऊन विचारलं, "कोण येणार आहे?"

मी उठले आणि घरी आले. आईने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून आत्याला माझ्याबरोबर पाठवायला सुरुवात केली.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिचे यजमान गेल्यापासून ती आमच्याकडेच असायची. मुंबईत तिची तीस-पस्तीस वर्षं गेली होती, पण बोलणं मालवणातून निघतानाचंच राहिलं होतं. ती पिशवीत चवळीच्या शेंगा, नाहीतर निवडायचे तांदूळ घेऊन यायची आणि सुरूच्या सावलीत सतरंजी पसरून बसायची.

"काय गो, किती झाले?"

"तीन जाती."

"सकाळपासून तीन? आमच्या न्हाणयेत तीन आसत. घराक चल, पंख्याखाली बसान मोज."

तिची थट्टा चालू राहायची आणि मी वहीत लिहीत राहायचे. 

तीन जाती सोप्या होत्या. कंपाउंडच्या भिंतीच्या भेगांमधल्या पाली. सुरूच्या खोडावरचा नेहमीचा मोठा सरडा, ज्याचा गळा उन्हाळ्यात लालभडक होतो आणि जो खोडाच्या पलीकडच्या बाजूला सरकत सरकत आपल्यावर लक्ष ठेवतो. आणि नळाच्या गळतीपाशी ओल्या गवतात राहणारी सापसुरळी, तपकिरी, तेल लावल्यासारखी चकचकीत. तिला बघून आत्याने पाय वर घेतले होते. "सापाची मावशी ती. चावली तर माणूस पाणी मागूक रवाचा नाय." पुस्तकात लिहिलं होतं की ती अगदी निरुपद्रवी असते. मी ते आत्याला सांगितलं नाही. पुस्तक इंग्रजीत होतं आणि त्यातला एकही शब्द मला घरात वापरता यायचा नाही. शाळेत मराठी बोललं की शिक्षा व्हायची, आणि घरी इंग्रजी बोललं की सगळे एकमेकांकडे बघून हसायचे. त्यामुळे मला जे नेमकं माहीत होतं ते बोलायला माझ्याकडे भाषाच नसायची. नववीपासून मी कमी बोलायला लागले, आणि त्याचं घरच्यांना कौतुकच वाटायचं.

चौथा मला एप्रिलच्या शेवटी दिसला.

तो त्या काळ्या दगडांपैकी एकावर होता. बोटाएवढं अंग, त्याहून लांब बारीक शेपटी, रेतीत आणि दगडावर सारखाच मिसळून जाणारा काळपट मातकट रंग, पाठीवर गडद चौकटींची एक ओळ. मला वाटलं, मोठ्या सरड्याचं पिल्लू असेल. मग त्याने पुढचे पाय ताठ करून छाती उचलली आणि हनुवटीखालून एक पंखा उघडला. हनुवटीपाशी निळा, मग काळा, मग विटकरी, आणि पातळ, ऊन आरपार जाईल इतका पातळ. उघडला, मिटला, उघडला, मिटला. नंतर तो दगडावरून उतरला आणि रेतीवरून मागच्या दोन पायांवर उभा राहून पळाला.

आत्यानेही बघितलं. तांदूळ निवडायचे थांबवून ती म्हणाली, "अगो, ह्यो गळ्यात पताका बांधून खंय चललो? लग्नाक उभो रवलो दिसता."

ते खरं होतं. नर फक्त उन्हाळ्याच्या त्या दीड-दोन महिन्यांतच तसा पंखा उघडतो, मादीसाठी आणि दुसऱ्या नरांना दटावण्यासाठी. पाऊस पडला की रंग जातो, आणि मग तो कुठल्याही साध्या सरड्यासारखा दिसतो. पुस्तकात त्याची आणखी एक खूण दिली होती. बाकी सरड्यांच्या मागच्या पायाला पाच बोटं असतात, याला चारच. पण ती बोटं सुतळीच्या धाग्याएवढी, आणि मी जवळ गेले की तो दगडाखाली. लांबून ती मोजणं शक्यच नव्हतं.

मी कॉलेजात जाऊन सरांना सांगितलं. स्टाफरूमच्या दारात उभं राहून, आधी मनात तीनदा म्हणून बघितलेलं वाक्य सांगितलं.

"फॅन-थ्रोटेड?" सर म्हणाले. "बागेत? ते उघड्या माळावर, पठारावर असतात. तू नेहमीच्या सरड्याचं पिल्लू पाहिलंस."

"गळा निळा होता, सर. आणि खाली विटकरी."

"मुलींना रंग आधी दिसतात," सर हसून म्हणाले. त्यात वाईट हेतू नव्हता. आत बसलेले दुसरे एक सरही हसले. "बोटं मोजलीस?"

"नाही, सर."

"मग पकडून आण. फॉर्मालिनची बाटली देतो. टेबलावर ठेवला की दोन मिनिटांत कळेल."

तेव्हा कुठलाही प्राणी खात्रीने ओळखायचा म्हणजे तो असाच ओळखायचा. प्रयोगशाळेच्या कपाटात ओळीने बाटल्या होत्या, आणि त्यांतल्या सगळ्या प्राण्यांचा रंग एकच झाला होता, उकडलेल्या बटाट्याचा. मी नाही म्हणाले नाही आणि हो पण म्हणाले नाही. सर जरा मऊ झाले.

"बरं. रविवारी मला मालाडला यायचं आहे. सकाळी तिकडे येतो, दुर्बीण घेऊन. मला दिसला तर यादीत ठेव. नाही दिसला तर खोडून टाकायचा. कबूल?"

कबूल होतं. मी दोन वर्षांत वर्गात एकदाही म्हटलं नव्हतं की मी अमुक पाहिलं. पहिल्यांदाच म्हटलं होतं, आणि ते खोडलं गेलं असतं तर पुन्हा म्हटलं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. रविवारी तो सरडा त्या दगडांवर यायला हवा होता, बस. मला बाकी काहीच नको होतं.

मी रोज जात राहिले. तीन दगड त्याचे होते. त्यांच्याभोवती त्याचा इलाका होता, आणि झुडपाच्या पलीकडून एक दुसरा, थोडा लहान नर अधूनमधून डोकावायचा, तर हा त्याला हाकलून द्यायचा. मी पाय टाकायच्या आधी खाली वाकून रेती बघायचे, दगडांमागे बघायचे, मग बसायचे. हे बागेतला माळी बघत होता. पन्नाशीचा माणूस, जालन्याकडचा, कामाला सावकाश पण पक्का. एकदा मी झुडपापाशी असताना त्याने आत्याला विचारलेलं मला ऐकू आलं.

"मावशी, ताई रोज खाली वाकून काय शोधतात?"

"ती होय," आत्या शेंगा सोलत म्हणाली, "ती सापांक भिता. लहानपणापासून. बघून बघून पाय टाकता."

परत जाताना मी विचारलं, "असं का सांगितलंस गं त्याला?"

"मग काय सांगू? लग्नाची पोर सरडे बघीत बसता म्हणान? त्याची बायको आपल्याच वसाहतीत धुण्या-भांड्याक येता. संध्याकाळपर्यंत चारी मजल्यांक कळात. तुझ्या आवशीक तोंड दाखवूक जागा रवाची नाय."

मला राग आला नाही. थोडं हायसंच वाटलं. भित्री असणं सोपं होतं, त्यावर कोणी पुढे काही विचारत नाही.

शनिवारी घरी बाबांच्या ऑफिसातले लोक जेवायला होते, त्यामुळे मला जाता आलं नाही. रविवारी आम्ही सर यायच्या बरंच आधी पोचलो. फाटकाला पताका लागल्या होत्या. कारंजं दुरुस्त झालं होतं, आणि सोमवारी कोणी मोठे पाहुणे येऊन ते सुरू करणार होते. कुंपणाची मेंदी कापलेली, बाकं धुतलेली. वाटेच्या दोन्ही बाजूंचे दगड चुन्याने पांढरे केलेले, प्रत्येकाच्या पायथ्याशी गेरूचा पट्टा. पाहुणे येणार म्हटलं की आपल्याकडे जे स्थिर आहे त्याला चुना आणि गेरू लागतो, त्यात नवल नव्हतं. मी ते बघत बघत मागे गेले.

सुरूच्या पलीकडचे दगडही पांढरे होते. तिन्ही. उन्हात त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

माळी बादली विसळत होता. मला बघून तो जवळ आला. त्याचा चेहरा खुलला होता.

"मुकादम म्हणाला, पाहुणे मागे येणार न्हाईत, पुढचेच रंगवा. पण चुना उरला होता. म्हटलं, ताई रोज तिथंच बसतात. आता काही आलं-बिलं तर लांबूनच दिसंल. भ्यायचं कारण न्हाई."

मी म्हणाले, "बरं." तो अजून उभाच होता, म्हणून मी "थँक यू" पण म्हणाले.

आत्या माझ्याकडे बघत होती. तिच्या लक्षात आलं होतं की काहीतरी झालं आहे, पण काय ते नाही. "येता गो तो," ती हळू म्हणाली. "सवय आसा त्याका. येतलो."

सर आले. डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण. आत्याने त्यांना नमस्कार केला आणि तांदळाची पिशवी मागे लपवली. आम्ही सुरूच्या सावलीत उभे राहिलो. बराच वेळ काही नाही. सरांनी एकदा घड्याळ बघितलं. माझ्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी होत्या. तो यावा, आणि त्याने येऊ नये. दुसरी गोष्ट मी स्वतःशीही नीट कबूल केली नाही.

तो मर्यादवेलीतून आला. पहिल्या दगडाशी थांबला, जिभेचं टोक चुन्याला लावून बघितलं, मागे सरला. मग दगडाला वळसा घालून पुन्हा तिथेच आला. झुडपापाशी तो लहान नर दिसत होता. ते दिवस तसे होते, त्याला चढावंच लागणार होतं. तो चढला.

इतका स्पष्ट मी त्याला कधीच बघितला नव्हता. पांढऱ्या दगडावर त्याची सावलीसुद्धा कातरून ठेवल्यासारखी दिसत होती. त्याने छाती उचलली आणि पंखा उघडला.

"अरे वा," सर म्हणाले. दुर्बीण डोळ्यांना लावून ते पुटपुटले. "निळा, काळा, विटकरी. आणि बोटं... चार. चारच आहेत. बरोबर आहेस तू." त्यांनी दुर्बीण गळ्यातून काढली आणि माझ्या हातात दिली. "बघ. असं पुन्हा दिसायचं नाही."

मी डोळ्यांना लावली, चाक फिरवलं. आधी नुसता पांढरा उजेड, मग तो. मागचा पाय चुन्यावर पसरलेला. एक, दोन, तीन, चार. गळ्याच्या कातडीतल्या बारीक शिरा. डोळ्याच्या कडेचा पिवळट कंगोरा. मग त्या गोलात काळं काहीतरी आलं आणि सगळा गोल भरून गेला, आणि पुन्हा पांढरा दगड राहिला.

मी दुर्बीण खाली घेतली. कावळा सुरूच्या फांदीवर बसला होता. त्याच्या चोचीतून शेपटी लोंबत होती. त्याने ती दोनदा फांदीवर आपटली.

"च्च," सर म्हणाले. "याच दिवसांत पिल्लं असतात त्यांची. खाऊ घालावंच लागतं." मग त्यांनी माझ्या खांद्यावर हलकेच थाप मारली. "पण आपण आधी पाहिला. यादीत लिही. नर, पूर्ण रंगात. मी सही करतो."

"सर, दगड काळा असता तर..."

"काळा असता तर मला बोटं मोजता आली नसती," सर म्हणाले. ते खरंच होतं. त्यांना मालाडला जायचं होतं. जाताना ते आत्याला म्हणाले, "हुशार आहे तुमची मुलगी. निरीक्षण चांगलं आहे." आत्या पदर सावरून हसली.

मला हवं होतं ते मिळालं होतं. मी त्याच जागी उभी होते.

सर दिसेनासे झाले आणि झुडपातून तो लहान नर बाहेर आला. जागा मोकळी झाल्याचं त्याला माझ्याआधी कळलं होतं. तो पहिल्या दगडापाशी थांबला. मी धावत गेले, तो पळाला. मी नळावरून ओंजळीत पाणी आणलं, ओली माती घेऊन दगडावर चोळायला लागले. चुना हाताला लागला, नखांत गेला, दगड करडा झाला, पण काळा होईना.

"ताई, काय झालं? घाण पडली का?" माळी झारी ठेवून आला.

"मामा, यावर सरडे बसतात."

"म्हणूनच तर रंगवला."

"नाही, म्हणजे, ते दिसतात. कावळ्यांना. दगड काळा होता तेव्हा ते..." माझ्या डोक्यात पूर्ण वाक्य तयार होतं, इंग्रजीत, पुस्तकात होतं तसं. मराठीत त्याचे तुकडे पडत होते. "त्यांचा रंग आणि दगडाचा रंग, तो एक असायचा. आता नाही. म्हणून."

त्याने मन लावून ऐकलं. मग आत्याकडे वळून कळवळून म्हणाला, "लई भ्यायल्यात."

आत्याने माझ्या हातांकडे बघितलं. त्या सबंध महिन्यात पहिल्यांदाच तिने थट्टा केली नाही. "भिता नाय ती," ती म्हणाली. "मी खोटा सांगितलंय तुमका. तिका आवडतत ते. त्यांकाच बघूक येता."

"सरडे?" माळी हसला. आत्याची थट्टा करायची सवय त्याला माहीत होती. मग आमच्यापैकी कोणीच हसत नाही हे बघून तोही थांबला. त्याने दगडाकडे बघितलं, फांदीवरच्या कावळ्याकडे बघितलं. त्याला कळलं असावं, निदान थोडंसं.

"उद्या पाहुणे येऊन जाऊद्या, ताई," तो म्हणाला. "आता पुसला आणि मुकादमानं फेरी मारली, तर माझी वाट लागंल. मुकादम म्हणंल, सांगितलं नव्हतं तिथं रंगवलं आणि वर खराब केलं." त्याने समुद्राकडे हात केला. "आणि पाऊस पडला की जातंच ते धुवून."

पाऊस पडेपर्यंत महिना होता, आणि पाऊस पडला की त्यांना दगडावर चढायचं कारणच राहणार नव्हतं. माळी बादली घेऊन आला आणि मी घासलेल्या जागेवर, माझ्याकडे न बघता, एक हात फिरवला. चुना ओला असताना निळसर दिसतो. आमच्या देखत तो वाळून पांढरा झाला.

माळी पुढच्या बागेत गेला. आत्याने सतरंजी झटकून घडी केली. फांदीवर आता दोन कावळे होते. लहान नर मर्यादवेलीच्या पानाखालून मान काढून दगडाकडे बघत होता. मी दगडाच्या उन्हाकडच्या बाजूला जाऊन उभी राहिले, म्हणजे माझी सावली दगडावर पडली आणि तो आला नाही. मी बाजूला झाले की तो दोन पावलं पुढे यायचा. मी परत उभी राहिले की थांबायचा.

"चल गो," आत्या म्हणाली. "बस चुकात."

"पाच मिनिटं, आत्या."

तिने घाई केली नाही. ती सतरंजी काखेत घेऊन माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, तेव्हा तिचीही सावली दगडावर पडली.